गळास लागलेला जिताडा परत सोडताना

रेवदंड्यापासून पेणपर्यंतच्या पट्टीत ज्याच्या घरामागे तळे आहे त्याच्या तळ्यात बहुधा जिताडाही असतो. पावसाळ्यात भरतीच्या पाण्याबरोबर खाडीतून जिताड्याची पिले उघाडीवाटे अगर बांधाच्या खांडीतून खाचरांत शिरतात. ती हेरून तळ्यात सोडावयाची व दोनतीन वर्षे पोसावयाची, ही रीत शहापूर, धेरंड वगैरे खारेपाटातील गावांत पूर्वापार चालत आली आहे. पाहुणा आला, कार्य निघाले, अगर कचेरीत अडलेले एखादे काम मार्गी लावावयाचे झाले, की तळ्यावर गळ पडतो. यांपैकी शेवटच्या प्रयोजनाविषयी येथे अधिक न लिहिणे बरे.

गळाला कोणता मासा लागावा हे मात्र गळ टाकणाराच्या हाती नसते. तीन किलोचा हवा असता अर्ध्या किलोचा लागतो. शहाणा शेतकरी तो परत सोडतो. पण दुसऱ्या तिसऱ्या दिवशी तोच मासा पांढरे पोट वर करून तरंगताना दिसतो, व दोष पाण्यास अगर कोणाच्या दृष्टीस दिला जातो. खरा दोष बहुतेक वेळा गळ काढण्याच्या पद्धतीत असतो. खाडीची पिले पूर्वीसारखी मिळत नाहीत अशी तक्रार सर्वत्र ऐकू येत असता, पोसलेला मासा असा वाया जाणे परवडणारे नाही. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने 1997 साली जिताड्याचे बंदिस्त प्रजनन साध्य केले, त्यामुळे पिले विकत घेण्याची सोय झाली हे खरे. परंतु त्यांस दाम पडतात, आणि मोठे पिलू लहानास गिळते म्हणून त्यांची वरचेवर निवड करावी लागते ती निराळीच.

प्रथम गळाविषयी. गळाच्या टोकाशी आतील अंगास जो उलटा दात असतो तोच सर्व अनर्थाचे मूळ होय. आत जाताना तो सहज जातो. निघताना मांस फाडून निघतो. साध्या पकडीने हा दात दाबून चपटा करावा. त्यास क्षणाचा वेळ व शून्य खर्च लागतो. अशाने मासा सुटून जाईल, ही शंका रास्त आहे, कारण जिताडा पाण्याबाहेर उसळून डोके झाडतो व दोरी सैल पडली की गळ फेकून देतो. परंतु दोरी ताणलेली ठेवणाराचा मासा सहसा सुटत नाही. तीन तोंडांचा गळ तळ्यावर वापरूच नये. ज्याचे टोक दांड्याकडे आत वळलेले असते असा गोल वळणाचा गळ मिळाल्यास उत्तम. मासा आमिष घेऊन वळला की तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, घशात जात नाही.

परदेशातील हौशी लोक पिसे व केस गळाभोवती बांधून कृत्रिम माशी करतात व लवचिक छडीने ती पाण्यावर फेकतात. अशा खोट्या आमिषास खाद्याची चव नसल्याने मासा ते गिळत बसत नाही, व गळ ओठातच राहतो. जिवंत कोळंबी लावणारास हा लाभ नाही. त्याने दोरी ओढली जाताच हिसका द्यावा. ‘गिळू दे, मग पाहू’ म्हणणारा मासा सोडण्याच्या लायकीचा ठेवीत नाही.

मासा किनाऱ्याशी आला की त्यास चिखलात अगर तापलेल्या बांधावर ओढू नये. त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर हेच त्याचे चिलखत होय. कोरड्या हाताने, फडक्याने वा मातीने तो निघाला, खवले सुटले, की त्या जागी रोग शिरतो. गोड्या पाण्याच्या तळ्यात तेथे कापसासारखी बुरशी धरते. म्हणून हात आधी भिजवावेत व मासा होता होईल तो पाण्यातच ठेवावा. कल्ल्यांत बोटे घालणे हा तर खूनच समजावा. शिवाय जिताड्याच्या गालावरील हाडाची धार सुरीसारखी असते, ती दोरीही कापते व बोटही. मोठा मासा जबड्याने उभा टांगून तोलण्याची हौसही आवरावी, कारण त्याच्या शरीराचा भार पाण्याने पेललेला असतो, जबड्याने नव्हे. एक हात शेपटीच्या मुळाशी व दुसरा पोटाखाली, असा आडवाच धरावा.

गळ ज्या वाटेने शिरला त्याच वाटेने मागे काढावा. लांब चोचीच्या पकडीने गळाचे वळण धरून, दांडा किंचित खाली दाबून उलट फिरवावा. सरळ खेचू नये. हे काम पाण्याबाहेर करणे भागच पडले तर मासा वर घेताना आपला श्वास रोखून धरावा, व आपला जीव कासावीस होण्याच्या आत तो पुन्हा पाण्यात घालावा. हवेत कल्ल्यांचे पदर एकमेकांस चिकटतात व त्यांस श्वास मिळत नाही.

गळ घशात उतरला असेल तर काय करावे? येथे पुष्कळांचा गैरसमज आहे. आत राहिलेला गळ मासा मारील, या भीतीने ते तो उपटून काढतात व आतडी, कल्ले फाडतात. देशोदेशींच्या प्रयोगांत असे आढळले आहे की खोल गेलेला गळ तसाच ठेवून दोरी तोंडाशी कापल्यास मासा जगण्याचा संभव अधिक. साधा लोखंडी गळ कालांतराने गंजून झिजतो. न गंजणाऱ्या पोलादाचा गळ मात्र फार काळ टिकतो, सबब तो वापरू नये. चार आण्यांच्या मालासाठी चारशे रुपयांचा मासा मारण्यात हिशेब कोठला?

वेळेचाही विचार हवा. चैत्रवैशाखात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून दुपार टाळावी. परंतु शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्यात पहाटही वाईट, कारण रात्रभर शेवाळही प्राणवायूच खात असते. सूर्य वर येऊन दोन घटका झाल्यावर गळ टाकणे बरे. दोरी मजबूत घ्यावी व मासा लवकर ओढावा. अर्धा तास खेळवून थकविलेला मासा जखमेवाचूनही मरतो.

खाडीतील मासेमारीस एक विशेष गोष्ट लागू आहे. जिताडा बहुधा आधी नर असतो. कित्येक वर्षांनी, सुमारे तीन फूट वाढल्यावर, तोच मादी होतो, आणि प्रजनन खाऱ्या पाण्यातच करतो. तळ्यातील मासा सोडला तर फक्त वजन वाढेल. पण कोर्लईच्या किल्ल्यासमोर, कुंडलिकेच्या मुखाशी लागलेली थोर मादी सोडली तर पुढील पावसाळ्यात आपल्याच उघाडीवर पिले येण्याची आशा. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, 58 सेंटिमीटरांहून लहान तसाच 120 सेंटिमीटरांहून मोठा जिताडाही ठेवण्यास बंदी आहे, ती याच कारणास्तव. आपल्याकडे मोठा मासा सोडा असे सांगणाऱ्यास लोक हसतील, हे आम्ही जाणून आहोत. तथापि, बियाण्याचे कणीस जो मळीत नाही, त्यास ही गोष्ट समजावयास कठीण जाऊ नये.

सोडताना मासा फेकू नये. खाडीत त्याचे तोंड प्रवाहाकडे करून, तळ्यात नुसता आधार देऊन, तो स्वतः शेपटी मारीपर्यंत हातात धरावा. पुढील तीन दिवस सकाळी तळ्याभोवती एक फेरी घालावी, व मेलेला आढळल्यास पाणी नासण्यापूर्वी काढून माडाच्या आळ्यात पुरावा.