फ्रिजमधला कुंभकर्ण

फ्रिज उघडला की आपल्याला काय दिसतं? कोथिंबिरीची जुडी, दुधाचं पातेलं, कालची उरलेली आमटी. पण इंग्लंडमधल्या काही घरांत हिवाळा आला की एका वेगळ्या, छोट्या फ्रिजमध्ये चक्क घरचं कासव झोपलेलं असतं! ऐकूनच अंगावर काटा आला ना? पण मैत्रिणींनो, यात क्रूरपणा नाही, मायाच आहे.

ही कासवं मूळची ग्रीस, तुर्कस्तानकडच्या उन्हातली. माणसांनी ती थंड देशात नेली. रानातून धरून आणलेल्या या कासवांचा व्यापार तिथे १९८४ मध्ये बंद झाला. पण तेव्हाची कितीतरी कासवं आजही घरोघरी आहेत. कासवाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. हवा गार, तसं तेही गार. म्हणून थंडीत ते गाढ झोपतं. मात्र पारा शून्याखाली गेला तर डोळे कायमचे जाऊ शकतात आणि १० अंशांवर चढला तर अर्धवट जागं होऊन अंगातली साठवण संपते. पूर्वी गवत भरलेल्या खोक्यात ठेवायचे, तेव्हा अनेक कासवं वसंतात उठायचीच नाहीत. फ्रिजमध्ये पारा ५ अंशांच्या आसपास स्थिर राहतो, म्हणून हा उपाय.

तयारी मात्र लेकीच्या बाळंतपणासारखी! आधी जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासणी. आजारी कासवाला झोपवायचं नाही. मग तीन-चार आठवडे खाणं बंद, कारण पोटात अन्न राहिलं तर ते झोपेत कुजतं. पाणी मात्र भरपूर, कोमट पाण्यात रोज डुंबवायचं. नंतर भोकं पाडलेल्या डब्यात निजवायचं, हवेसाठी फ्रिजचं दार अधूनमधून उघडायचं, आठवड्याला वजन करायचं. वजन फार उतरलं किंवा कासवाने लघवी केली, तर लगेच उठवायचं. उठल्यावर पुन्हा कोमट पाणी, दिव्याची ऊब आणि मग कोवळा पाला.

एवढी उस्तवार कोण करतं? बहुतेक वेळा घरातली बाईच! गिल्बर्ट व्हाइट या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाच्या आत्याने, रिबेका स्नूकने, तीसहून अधिक वर्षं एक कासव सांभाळलं. ती बागेत आली की ते तुरुतुरु तिच्याकडे निघायचं, पण परक्यांकडे ढुंकूनही पाहायचं नाही, असं व्हाइटने नोंदवलंय. १७८० च्या मार्चमध्ये आत्या गेली, तेव्हा कासव जमिनीत झोपलेलं होतं. भाच्याने ते उकरून काढलं आणि घोडागाडीतून ८० मैलांवर आपल्या घरी नेलं. १७९३ मध्ये तोही गेला. कासव मात्र त्याच्यामागे आणखी काही महिने जगलं! नाव त्याचं टिमथी, म्हणजे पुरुषाचं. पुढे कळलं की ती मादी होती.

गंमत म्हणजे पाउडरहॅम कॅसलमधली दुसरी टिमथीही मादीच निघाली. क्रिमियन युद्धाच्या वेळी ती जहाजावर होती. सुमारे १६० वर्षं जगून २००४ मध्ये ती गेली. तिच्या डोळ्यांदेखत घरातल्या किती पिढ्या सरल्या असतील!

म्हणून तिथले जाणते लोक कासव घेणाऱ्याला आधी एकच विचारतात, “तुमच्यानंतर याला कोण सांभाळणार?” दागिने कुणाला द्यायचे हे आपण ठरवून ठेवतो, तसंच कासव कुणाकडे जाणार, हे तिथे मृत्युपत्रातही लिहून ठेवतात.

हा प्रश्न आपल्याही कामाचा आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं देशी कासव घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, कुणी कितीही ‘शुभ असतं’ म्हणो. आणि काचेच्या पेटीत मिळणारं नाण्याएवढं परदेशी पिल्लू? ते ताटलीएवढं होतं आणि २०-३० वर्षं जगतं. मुलं हट्ट करून आणतात, शिकायला बाहेरगावी जातात आणि पाणी बदलायला उरते आई! मग कंटाळून ते तळ्यात सोडलं जातं आणि तिथल्या जिवांच्या तोंडचा घास काढतं.

देवळात नंदीपुढच्या दगडी कासवाला आपण हात लावून नमस्कार करतो. जिवंत कासव घरी आणण्याआधी मात्र क्षणभर थांबूया. जीव लावणं सोपं असतं, बाई. आपल्यामागे त्याची सोय लावणं अवघड!