आर. के. लक्ष्मण : चौकड्यांच्या कोटातला साक्षीदार

पेपर हातात पडला की मथळ्याच्या आधी पहिल्या पानाच्या कोपऱ्यातलं चित्र बघायचं, ही सवय मुंबईच्या दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडली होती. 'टाइम्स ऑफ इंडिया'त 1951 साली सुरू झालेलं 'यू सेड इट' हे आर. के. लक्ष्मण यांचं सदर अर्धशतक चाललं. एक छोटंसं चित्र आणि त्याखाली एक-दोन ओळी. तेवढ्या जागेत महागाई मावली, रेशनच्या रांगा मावल्या, पक्षांतरं, चौकशी समित्या, दरवर्षी पहिल्या पावसात उखडणारे रस्तेही मावले. लक्ष्मण मूळचे म्हैसूरचे. पण त्यांची कारकीर्द मुंबईत घडली आणि उतारवय पुण्यात गेलं, त्यामुळे मराठी वाचकाला ते कधी परके वाटले नाहीत.

24 ऑक्टोबर 1921 हा त्यांचा जन्मदिवस. वडील मुख्याध्यापक, आणि भावंडांत हे शेंडेफळ. थोरले बंधू म्हणजे 'मालगुडी' हे गाव साहित्यात वसवणारे आर. के. नारायण. घरी 'पंच', 'स्ट्रँड' अशी इंग्रजी मासिकं येत. अक्षरओळख होण्याआधीच लक्ष्मण त्यांतल्या चित्रांत रमून जात. घरातली जमीन, भिंती, दारं, जे दिसेल त्यावर त्यांचा हात चाले. शाळेत एकदा काढलेल्या पिंपळाच्या पानाचं मास्तरांनी कौतुक केलं आणि आपण चित्रकारच व्हायचं हे मुलाच्या मनानं घेतलं. ब्रिटिश व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांच्या चित्रांनी ते झपाटून गेले होते. त्या चित्रांखालची सही 'काऊ' अशी आहे, असंच त्यांना पुष्कळ दिवस वाटे. नाव चुकीचं वाचलं, पण रेषा मात्र बरोबर वाचली. लो यांच्या कुंचल्याचा जोरकसपणा पुढे लक्ष्मण यांच्या चित्रांत स्पष्ट दिसतो.

कलाशिक्षणासाठी त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे अर्ज केला. प्रवेशासाठी लागणारी गुणवत्ता तुमच्या चित्रांत नाही, असं उत्तर आलं. मग त्यांनी म्हैसूरलाच बी. ए. केलं. शिकत असतानाच ते नारायण यांच्या 'द हिंदू'तल्या कथांसाठी आणि 'कोरवंजी' या कन्नड विनोदी मासिकासाठी चित्रं काढत होते. ज्या 'टाइम्स'मध्ये पुढे त्यांनी आयुष्य काढलं, ती बोरीबंदरसमोरची इमारत जे. जे.पासून हाकेच्या अंतरावर आहे. याच जे. जे.नं पुढे त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून सन्मानानं बोलावलं.

मुंबईत त्यांची पहिली पूर्णवेळ नोकरी 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये. तिथे त्यांच्यासोबत काम करणारे दुसरे तरुण व्यंगचित्रकार होते बाळ ठाकरे. एका खोलीतून दोन वाटा फुटल्या. ठाकरे यांनी 1960 मध्ये 'मार्मिक' काढलं आणि पुढे राजकारणाच्या मैदानात उतरले. लक्ष्मण मात्र अखेरपर्यंत मैदानाच्या कडेला उभं राहून बघत राहिले. 'फ्री प्रेस' सोडण्याचं कारण त्यांनी नंतर सांगितलं आहे. कम्युनिस्टांची थट्टा करायची नाही, असं मालकांनी बजावलं, तेव्हा लक्ष्मण तिथून बाहेर पडले आणि व्हिक्टोरिया घोडागाडी करून थेट 'टाइम्स'मध्ये गेले. तिथे त्यांना स्वतंत्र खोली आणि टेबल मिळालं.

आता त्यांच्या सदरातल्या 'कॉमन मॅन'कडे जरा जवळून बघू. टक्कल, कानांच्या मागे पांढऱ्या केसांचे पुंजके, गोल चष्मा, ब्रशासारखी मिशी, अंगात चौकड्यांचा कोट आणि खाली धोतर. हा माणूस काही एका दिवसात जन्मला नाही. सुरुवातीला देश दाखवायचा म्हणजे लक्ष्मण बंगाली, तमिळ, पंजाबी अशी वेगवेगळ्या पेहरावांतली माणसं एकाच चित्रात गोळा करत. पण पेपर छापायला जायची वेळ कुणासाठी थांबत नाही. एकेक माणूस गळत गेला आणि शेवटी हा एकटा उरला. घाईतून झालेली ही निवड अचूक ठरली, कारण या माणसाला जात, भाषा, प्रांत काही चिकटलं नाही. तो केरळचाही वाटे आणि काशीचाही.

आणि तो बोलत नाही. मंत्री बोलतात, सचिव बोलतात, शेजारी बोलतात, त्याची बायकोही फटकन बोलून जाते. तो फक्त हजर असतो. मंत्र्याच्या बैठकीत दाराशी, पूरग्रस्त भागाच्या पाहणीत हेलिकॉप्टरच्या पायथ्याशी, शिष्टमंडळासोबत विमानतळावर. माझ्या मते लक्ष्मण यांची सगळी ताकद या मौनात आहे. तो रडला असता तर आपण त्याची कीव केली असती, त्यानं भाषण ठोकलं असतं तर तोही एक पुढारी झाला असता. तो गप्प राहून बघतो, म्हणून समोरच्याचं बोलणं आपोआप उघडं पडतं आणि त्यावरचा निकाल वाचकाकडे येतो. एका गाजलेल्या चित्रात चंद्रावर पाठवायला माणूस शोधणारे शास्त्रज्ञ त्याच्यावर खूश होतात, कारण अन्न, पाणी, हवा, निवारा यांतलं काहीही नसताना जगायची त्याला सवय असते. हसू येतं आणि लगेच घशात अडकतं.

या विनोदामागे पक्की चित्रकला होती. काळी शाई आणि कुंचला ही त्यांची हत्यारं. कुंचल्याची रेघ दाबली की जाड होते, उचलली की बारीक होते. पेपरच्या हलक्या कागदावर नाजूक रेघ छपाईत हरवून जाते, पण असा ठाम फटकारा टिकून राहतो. त्यांच्या चित्रातलं सरकारी कार्यालय बघा. फायलींचे ढीग, पोपडे आलेली भिंत, पोट सुटलेले साहेब, टेबलाच्या कडेवरून लोंबणारी टेलिफोनची वायर. यातलं काहीही भरतीचं नसतं. सकाळी येऊन पेपर चाळायचे, तासन्‌तास विचार करायचा आणि कल्पना पक्की झाली की मगच कुंचला उचलायचा, हा त्यांचा शिरस्ता. अर्कचित्रातही त्यांचा हात असाच बेतलेला चाले. नेहरूंची टोपी काढून त्यांनी टक्कल दाखवलं, इंदिरा गांधींचं नाक वर्षागणिक लांबवत नेलं. आणीबाणीत सेन्सॉरशिप आली तेव्हा मात्र इतर पत्रकारांसारखीच त्यांच्या कुंचल्यालाही वेसण बसली.

पेपराबाहेरही त्यांचा हात ओळखू येई. 1954 मध्ये एशियन पेंट्सला 'गट्टू' हे बोधचिन्ह त्यांनी दिलं, दूरदर्शनच्या 'मालगुडी डेज'ची रेखाटनं त्यांचीच, 'वागले की दुनिया'ला आधार त्यांच्याच पात्रांचा. कावळा हा त्यांचा लाडका पक्षी. लहानपणापासून त्यांनी कावळे काढले आणि इतरांनी हिणवलेल्या त्या पक्ष्याचा रुबाब रंगांत आणला.

1984 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 2005 मध्ये पद्मविभूषण. 1988 मध्ये 'टाइम्स'ला दीडशे वर्षं झाली, तेव्हा निघालेल्या टपाल तिकिटावर कॉमन मॅन झळकला. पुण्यात सिंबायोसिसच्या आवारात आणि मुंबईत वरळीच्या समुद्रकिनाऱ्यावर त्याचे पुतळे आहेत. राजे, सेनापती आणि पुढारी यांच्या पुतळ्यांच्या देशात एका सामान्य माणसाचा पुतळा उभा राहणं ही मोठीच गोष्ट आहे. 2003 मध्ये पक्षाघातानं लक्ष्मण यांची डावी बाजू गेली, तरी उजवा हात पुन्हा कागदाकडे वळला. 26 जानेवारी 2015 रोजी, प्रजासत्ताक दिनी, पुण्यात त्यांचं निधन झालं.

संपादकीय व्यंगचित्रकार हा अग्रलेख लिहिणाऱ्याच्या तोलाचा पत्रकार असतो, हे लक्ष्मण यांनी रोज काम करून सिद्ध केलं. असं काम एखाद-दुसऱ्या चित्राच्या मानधनावर उभं राहत नाही. त्याला नियमित पगार, रोजची ठरलेली जागा आणि मालकाचा न थरथरणारा पाठिंबा लागतो. आज किती वर्तमानपत्रं एवढं देतात, याचा हिशेब संपादकांनी करावा. आणि आपल्या पेपरातून व्यंगचित्राची जागा गेली असेल, तर वाचकांनी दोन ओळींचं पत्र लिहून ती परत मागावी. तो आपला हक्क आहे.