गिटारीसाठी ध्वनिवर्धक : निवड आणि पारख

आमच्या संघटनेच्या कलापथकात पुष्कळ वर्षे डफ, तुणतुणे आणि पेटी एवढीच वाद्ये होती. दोन वर्षांपूर्वी पूर्णेकडचा एक तरुण खांद्याला गिटार अडकवून तालमीला आला. जुन्या मंडळींनी नाके मुरडली. परंतु शाहिराच्या मागे सहा तारांचा भरदार आधार उभा राहिला तेव्हा तीच मंडळी माना डोलावू लागली. प्रश्न उरला तो आवाजाचा. मोंढ्याच्या उघड्या पटांगणात गिटार तिसऱ्या रांगेपलीकडे ऐकू जाईना. म्हणून ध्वनिवर्धक, ज्याला बाजारात ॲम्प्लिफायर किंवा नुसते ‘ॲम्प’ म्हणतात, तो घ्यावा असे ठरले; आणि कोणता घ्यावा यावर समितीच्या दोन बैठका खर्ची पडल्या. पैसा हमालांच्या वर्गणीचा, दहा-वीस रुपयांनी जमलेला. तो भलत्याच खोक्यात घातला असता तर जाब आम्हालाच द्यावा लागला असता.

या विषयातील आम्ही काही पंडित नव्हे. शाळा सातवीत सुटली. वीजशास्त्र जे थोडेफार आले ते रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका स्नेह्याच्या दुकानात बाकावर बसून आणि रद्दीतल्या पुस्तकांतून. पण मोठा आवाज आणि स्वच्छ आवाज या दोन वस्तू निराळ्या आहेत, हे मात्र आम्ही पुस्तकातून शिकलो नाही.

1998 साली एका कारखान्याच्या दारावर आमची सभा होती. कर्णा भाड्याने आणलेला, चांगला दणकट. ‘उद्या कुणीही कामावर जायचे नाही,’ असे आम्ही तीनदा सांगितले. पुढच्यांना ते कळले. मागे उभ्या असलेल्यांपर्यंत ‘उद्या’ आणि ‘कामावर जायचे’ एवढेच पोचले, आणि पहाटे त्यांतले बरेचसे डबे घेऊन दारावर हजर झाले. मग आपसांतच गद्दारीचे आरोप, शिवीगाळ; ती तेढ मिटवायला आठवडा गेला. मराठी भाषेची ही खोडच आहे. नकार येतो तो वाक्याच्या अगदी शेवटी, आणि नेमका तेथेच बोलणाऱ्याचा दम संपत आलेला असतो. कर्णा खरखरत असला की पहिला बळी त्या ‘नाही’चा जातो.

असे का व्हावे? ध्वनिवर्धकात शिरलेली लहर मोठी होऊन बाहेर पडते. परंतु ती किती मोठी होऊ शकेल याला आतल्या विजेच्या दाबाची मर्यादा असते. त्या मर्यादेपलीकडे बटन पिळले की, बाभळीचे कुंपण एका उंचीवर छाटावे तसे लहरींचे शेंडे सपाट होतात. या छाटणीतून मुळात नसलेले नवे स्वर निर्माण होतात. एकच तार वाजत असेल तर हे उपरे स्वर मूळ स्वराच्या पटीतले असतात, म्हणून कानाला ते खपून जातात. पण शाहिराला साथ करताना गिटारीवर अनेक तारा एकदम छेडल्या जातात. समजा, सेकंदाला 220 आणि 262 कंपनांचे दोन स्वर एकत्र वाजले, तर छाटणीतून 178 आणि 304 कंपनांचे दोन पाहुणे उपटतात, आणि ते त्या पट्टीत कोठेच बसत नाहीत. गाण्याची खिचडी होते ती अशी. बोलण्यातही तेच घडते. ‘आ’, ‘ओ’ या स्वरांत जोर फार, आणि स, श, त, च या व्यंजनांत थोडा. छाटलेल्या स्वरांचा गोंगाट व्यंजनांवर पसरतो आणि शब्द बुडतो.

आता जात निवडण्याचा प्रश्न. पूर्वीचे ध्वनिवर्धक काचेच्या व्हॉल्व्हवर चालत. व्हॉल्व्ह तापावे लागतात, त्यांना शेकडो व्होल्टचा दाब लागतो, लोखंडी ट्रान्सफॉर्मरचे ओझे असते, आणि एस.टी.च्या धक्क्याने काच दगावते ती वेगळीच. 1947 च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटेन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. शॉक्ली यांच्यासह या तिघांना 1956 साली नोबेल पारितोषिक मिळाले. ट्रान्झिस्टरला तापायला नको, मोठा दाब नको, बारा व्होल्टची बॅटरी पुरते. परंतु पाश्चात्त्य रॉक संगीतातल्या पुष्कळ गिटारवादकांची मर्जी आजही व्हॉल्व्हवरच आहे. कारण व्हॉल्व्ह लहरीचा शेंडा गोलाईने दाबतो, आणि तो फाटका आवाज त्यांना मुद्दाम हवा असतो. त्यांचे त्यांना लखलाभ. ट्रान्झिस्टर मर्यादेपर्यंत अगदी स्वच्छ चालतो आणि मर्यादा ओलांडताच एकदम कर्कश होतो. जपानच्या रोलँड कंपनीचा 1975 चा ‘जेसी-120’ हा ट्रान्झिस्टरचाच ॲम्प स्वच्छ आवाजासाठी जगभर नावाजला गेला. मात्र तो एकट्याने उचलून बसमध्ये चढवण्याजोगा नव्हे. आमच्या कामाला लहान ट्रान्झिस्टर ॲम्पच योग्य, पण गरजेपेक्षा शक्ती शिल्लक ठेवून घेतलेला.

ही शक्ती वॉटमध्ये मोजतात, आणि येथेच गिऱ्हाइकाला सर्वांत जास्त फसवले जाते. हातात उचलण्याजोग्या खोक्यावर 500 किंवा 1000 वॉट असे आकडे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. हिशेब सोपा आहे. बॅटरी 12 व्होल्टची, स्पीकर 4 ओहमचा, आणि आत दाब वाढविणारी जोड नसेल, तर साध्या मांडणीत स्वच्छ शक्ती जास्तीत जास्त साडेचार वॉट. दोन वर्धक एकमेकांच्या उलट जोडले तर 18 वॉट. त्याहून मोठा आकडा दुकानदार सांगू लागला की दाब कसा वाढविला आहे ते विचारावे. ‘आर.एम.एस.’ या अक्षरांपुढचा आकडा तेवढा पाहावा; ‘पी.एम.पी.ओ.’ या अक्षरांपुढचा जाहिरातीचा समजावा.

शिवाय वॉटपेक्षा स्पीकर महत्त्वाचा, आणि याकडे कोणी बघत नाही. शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ 3 डेसिबलने चढतो. एक वॉट शक्तीवर एका मीटरवर 95 डेसिबल देणारा स्पीकर 16 वॉटवर जे काम करील, तेच 89 डेसिबलच्या स्पीकरला करायचे तर 64 वॉट लागतील. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे पहिल्या स्पीकरचा आवाज 16 वॉटवर 32 मीटरपर्यंत 77 डेसिबल उरतो. साधे बोलणे एका मीटरवर साठ-पासष्ट डेसिबलचे असते. एवढ्यात मोंढ्यातली सभा चालते. माणसांची अंगे आवाज शोषतात, म्हणून खोके जमिनीवर न ठेवता डोक्यांच्या वर येईल असे उंच ठेवावे.

आणखी एक खाच आहे. केवळ इलेक्ट्रिक गिटारीसाठी केलेल्या ॲम्पचा स्पीकर साधारण 5000 कंपनांपलीकडे गळाठतो. गिटारीला ते शोभते. माणसाच्या आवाजातला ‘स’ मात्र तेथे बोथट होतो. ज्याला एकाच खोक्यातून गाणे आणि गिटार दोन्ही हवी आहेत त्याने ‘अकूस्टिक’ प्रकारचा, म्हणजे मोठ्या स्पीकरच्या जोडीला बारीक स्वरांचा छोटा स्पीकर असलेला ॲम्प घ्यावा. उलट, गिटार साध्या माइकच्या भोकात खुपसू नये. गिटारीच्या पिकअपला सुमारे दहा लाख ओहम रोधाचे प्रवेशद्वार लागते. त्याहून फार कमी असले की तारेची झळाळी जाते आणि वाजवणाऱ्यालाच बोल लागतो.

दुकानात जाताना आपली गिटार आणि आपला गायक सोबत न्यावा. दुकानदार सवयीने प्रतिध्वनीचे बटन वर करून ठेवतो, त्यामुळे वाईट आवाजही देवळातल्यासारखा वाटतो. ते आधी शून्यावर आणावे. वीज काढून बॅटरीवर वाजवून पाहावे, कारण काही ॲम्प बॅटरीवर शक्ती कमी करतात. काही न वाजवता आवाज वाढवून नुसता गुणगुणाट ऐकावा. मग तीन चतुर्थांश आवाजावर सहाही तारा जोरात छेडाव्यात. आम्ही एका हमाल दादांना रस्त्याच्या पलीकडे उभे केले आणि गायकाला दहा वाक्ये बोलायला लावली, काही होकाराची, काही नकाराची. ‘नाही’ ऐकू आले की दादांनी हात वर करायचा. पहिल्या दोन ॲम्पांवर दादा घोटाळले. तिसऱ्यावर एकदाही चुकले नाहीत. तो आकाराने सर्वांत लहान होता, आणि दुकानदाराला तो विकण्याची फारशी हौस दिसली नाही.

तोच घेतला. आठ इंची स्पीकर, दोन प्रवेशद्वारे, वजन नऊ किलो. सभेपूर्वी लेखी परवानगी काढतो आणि रात्री दहाच्या आत बंद करतो, कारण 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. शिट्टी वाजू नये म्हणून माइक खोक्याच्या मागे राहील असा गायक उभा करतो. बॅटरी मात्र जपावी लागते. आमच्या परभणीचा मे महिना चाळीस अंशांच्या वरचा, आणि शिशाच्या बॅटरीचे आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मे होते. म्हणून दुपारच्या सभेला ॲम्प उन्हात राहिला तरी बॅटरी गाडीच्या सावलीत ओल्या पोत्याशेजारी ठेवतो आणि तेथून लांब वायर आणतो. वायर जाड असावी. बारीक वायरीत दाब वाटेतच खर्च होतो.