धमनी आवळते कशी, सैलावते कशी?

धमनीची त्रिज्या निम्मी झाली, तर तेवढ्याच दाबाने तिच्यातून जाणारे रक्त जवळपास सोळाव्या हिश्शावर येते. म्हणूनच बारीक धमन्या किती आवळलेल्या आहेत, यावर आपला रक्तदाब बराचसा ठरतो. हे आवळणे-सैलावणे भिंतीतल्या स्नायुपेशींचे काम, आणि त्यांना हुकूम सोडणाऱ्यांत संप्रेरके, म्हणजेच हार्मोन्स, आघाडीवर असतात.

हा हुकूम बराचसा आयन चॅनेलमार्फत बजावला जातो. चॅनेल म्हणजे पेशीच्या आवरणातले, प्रथिनांनी बनलेले सूक्ष्म दरवाजे. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते. त्याचा दरवाजा उघडला की ते आत घुसते आणि स्नायू आवळतो. पोटॅशियमचा उघडला, तर धनभार बाहेर जातो, आतली बाजू अधिक ऋण होते, कॅल्शियमचे दरवाजे मिटू लागतात आणि स्नायू सैलावतो. रक्तदाबावरची अॅम्लोडिपिन ही गोळी कॅल्शियमचा हाच दरवाजा अडवते.

अँजिओटेन्सिन आणि नॉरअॅड्रेनालिन ही संप्रेरके पेशीतले कॅल्शियम वाढवतात, पोटॅशियमची वाट रोखतात; धमनी आवळते. इस्ट्रोजेनचा कल उलटा. १९९९ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एस्ट्राडायॉल हे इस्ट्रोजेन ‘बीके’ या पोटॅशियम चॅनेलच्या बीटा घटकाला थेट चिकटून तो उघडते, असे दिसले. जनुकांमार्फत होणाऱ्या परिणामाला तास लागतात. हा लगेच होतो. मात्र प्रयोगातली मात्रा रक्तातल्या नेहमीच्या पातळीपेक्षा कितीतरी जास्त होती.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते आणि स्त्रियांमधला हृदयविकार वाढतो. मग गोळीतून ते भरून काढले तर हृदय जपले जाईल, हा तर्क सरळ वाटला. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ने तो सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवर तपासला. इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टिन हे दुसरे संप्रेरक देणारी ही चाचणी २००२ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली: हृदयविकार, पक्षाघात आणि स्तनांचा कर्करोग, तिन्ही वाढलेले आढळले. धमनीतली एक पेशी सैलावणे वेगळे. रक्त गोठणे, यकृत, स्तन यांवरही तेच संप्रेरक काम करत असते.

अंगातून वाफा येण्यासारख्या त्रासावर डॉक्टर आजही हे उपचार देतात. पण केवळ हृदयाच्या काळजीपोटी हार्मोनची गोळी स्वतःहून सुरू करू नका. चाळिशीनंतर रक्तदाब नियमित मोजून घ्या, आणि तो वाढलेला असेल तर त्यावरचेच औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या.