यंत्राचें बोलणें आणि माणसाचा शब्द

यंत्र विचार करूं शकेल काय, हा प्रश्न आज घरोघरीं ऐकूं येतो. त्याचें स्वरूप समजून घेण्यासाठीं एका जुन्या संभाषणाकडे वळूं. १९५२ सालच्या जानेवारींत बी. बी. सी. वरून चार विद्वानांची चर्चा ध्वनिक्षेपित झाली. गणिती अॅलन ट्यूरिंग व मॅक्स न्यूमन, मेंदूचे शस्त्रवैद्य जेफ्री जेफर्सन आणि केंब्रिजचे तत्त्वज्ञ रिचर्ड ब्रेथवेट हे ते चौघे. गणनयंत्रें विचार करतात असें म्हणतां येईल काय, हाच त्यांचा विषय होता.

जेफर्सन यांनीं आपली भूमिका १९४९ च्या एका व्याख्यानांत आधींच मांडली होती. यंत्रानें सुनीत रचलें एवढ्यानें तें मेंदूच्या बरोबरीचें ठरत नाहीं. तें सुनीत त्याच्या स्वतःच्या विचारांतून व भावनेंतून उमटलें पाहिजे, आणि आपण तें रचलें याची जाणीवही त्याला पाहिजे, असें त्यांचें म्हणणें. 'ज्याचें जळतें त्याला कळतें' या आपल्या म्हणींत हाच आशय आहे. यंत्राचें कांहींच जळत नाहीं. मग त्याला कळणार तें काय?

ट्यूरिंग यांनीं १९५० सालीं 'माइंड' या त्रैमासिकांत यास उत्तर दिलें. दुसऱ्याच्या अंतःकरणांत शिरून पाहण्याची सोय कोणालाच नाहीं. शेजाऱ्याचें डोकें दुखतें हेंही आपण त्याच्या बोलण्याचालण्यावरूनच मानतों. इतर माणसें विचार करतात, हा आपण पाळलेला सभ्य संकेत होय. तोच न्याय यंत्राला लावावा. माणूस व यंत्र दृष्टीआड ठेवून लेखी प्रश्न विचारावेत आणि परीक्षकास भेद ओळखतां येतो कीं नाहीं तें पाहावें. सुमारें ५० वर्षांनीं, ५ मिनिटांच्या प्रश्नोत्तरांनंतर, बरोबर ओळखण्याचा संभव शेंकडा ७० हून अधिक राहणार नाहीं, असें त्यांचें भाकीत होतें. कोणताही प्रश्न वर्ज्य नसेल तर मात्र निदान १०० वर्षें लागतील, असें ते १९५२ च्या चर्चेंत म्हणाले.

हा सभ्य संकेत आपण किती सहज बहाल करतों, हें जोसेफ वायझेनबाम यांच्या अनुभवावरून दिसतें. त्यांनीं १९६६ सालीं अमेरिकेंत 'एलायझा' नांवाची योजना प्रसिद्ध केली. बोलणाऱ्याचें वाक्य फिरवून त्यालाच प्रश्नरूपानें परत करणें, एवढीच तिची युक्ति. तरीही त्यांच्या चिटणीस बाईंनीं तिच्याशीं थोडें संभाषण होतांच त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितलें. ही योजना तयार होतांना बाईंनीं कित्येक महिने पाहिली होती!

आजचीं यंत्रें याहून फारच पुढें गेलीं आहेत. अफाट लेखनसंग्रहावरून, पुढें कोणता शब्द येणें संभवनीय आहे, हें तीं शिकतात. आणि त्यांची भाषा कित्येकदां माणसाहूनही आर्जवी असते. एकाकी माणूस रात्रीं त्यांच्यापाशीं मन मोकळें करतो. त्याला मिळणारा दिलासा खोटा म्हणून झिडकारणें योग्य नव्हे; त्याच्यापुरता तो खराच असतो.

पण बोलणें आणि शब्द देणें यांत अंतर आहे. वैद्य 'घाबरूं नका' म्हणतो, तेव्हां मध्यरात्रीं त्याचें दार ठोठावण्याचा हक्क रोग्याला मिळतो. निदान चुकलें तर वैद्याची अब्रू जाते, झोंप उडते. यंत्राचें 'घाबरूं नका' कदाचित् अधिक मृदु असेल. परंतु तें खोटें ठरल्यास यंत्राचें कांहींच जात नाहीं. त्याला अंतरंग आहे कीं नाहीं, हा जेफर्सन-ट्यूरिंग यांचा वाद मिटेपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं; ही उणीव आजच स्पष्ट दिसते.

वायझेनबाम यांनीं १९७६ च्या आपल्या ग्रंथांत बजावलें कीं, यंत्राला एखादें काम साधलें तरी तें त्याच्यावर सोंपवावेंच असें नाहीं. त्यांच्या मतें न्यायदान व मनोरुग्णांचे उपचार हीं अशींच कामें होत. घरांतील कामांनाही हीच कसोटी लावतां येईल. मुलाचा गणिताचा प्रश्न यंत्राला खुशाल विचारावा. मात्र शाळेंतून रडत आलेल्या मुलाला 'मी आहें ना' असें म्हणण्याची वेळ येते, तेव्हां तें वाक्य ज्याला उद्यां सकाळीं खरें करून दाखवावें लागेल, त्यानेंच उच्चारलें पाहिजे.