हक्क म्हणजे आपल्याकडचे देणे

वागळे इस्टेटमध्ये कारखान्यांच्या मागोमाग कामगार आले आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या बोली आल्या. मालवणी, घाटावरची मराठी, भोजपुरी, उर्दू. इथल्या मुलांना बालहक्क सांगायचे ते कोणत्या भाषेत?

संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क संहिता १९८९ साली स्वीकारली. भारताने १९९२ साली तिला मान्यता दिली. तिच्या ४२व्या कलमाप्रमाणे हे हक्क मोठ्यांना आणि मुलांनाही कळवणे हे सरकारचे काम आहे. पण फलकावर 'सहभागाचा अधिकार' लिहिल्याने ते कळत नाहीत. 'तुझ्याबद्दल ठरवताना तुलाही विचारले पाहिजे' असे म्हटले, की दहा वर्षांच्या मुलीलाही १२वे कलम समजते.

खरी अडचण रीतीची आहे. 'मोठ्यांच्या मध्ये बोलू नये' हे आपण सर्वांनीच ऐकलेले. म्हणून मुलांचे हक्क म्हटले, की आईबापांना उद्धटपणाची धास्ती वाटते.

इथे 'हक्क' हा शब्दच मदतीला येतो. तो अरबीतून आला आणि मराठी झाला. आम्हा मुसलमानांच्या घरात 'शेजाऱ्याचा हक' म्हणजे आपण शेजाऱ्याला लागतो ते देणे. मराठीत 'हक्काचे माणूस' म्हणताना त्यात भांडण नसते, भरवसा असतो. पालकांना हा अर्थ आधी सांगावा.

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षण देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तरीही धाकट्या भावाला सांभाळायला एखादी मुलगी घरी राहते, तेव्हा तिची शाळा हे आपल्या सर्वांकडे थकलेले देणे असते.