छपरावरचे ऊन

मे महिन्यातील भर दुपार असते. छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उन्हात तळपत असतो. समोरच्या जालना रस्त्यावरून झळा उठतात आणि पारा चाळीस अंशांच्या पलीकडे चढतो. अशा वेळी पत्र्याच्या छपराखाली घटकाभर बसून पाहावे. डोक्यावर तापलेला तवा धरल्यासारखे वाटते. पण मराठवाड्यातील एखाद्या खेड्यात जाऊन जुन्या माळवदाच्या घरात पाऊल ठेवावे, म्हणजे जीव निवतो. ऊन तेच, वारा तोच. मग हा भेद कशामुळे पडतो?

उष्णता नेहमी अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे जाते. धातूतून ती झपाट्याने जाते, मातीतून सावकाश जाते आणि कोंडून स्थिर झालेल्या हवेतून तर फारच मंद गतीने जाते. घोंगडीच्या लोकरीत अशीच हवा कोंडलेली असते. म्हणून ती थंडीत ऊब देते. माळवदाच्या लाकडी पाटणीवर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो. दुपारचे ऊन तो थर ओलांडून आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. परंतु माळवद फार जड असते आणि दर पावसाळ्यापूर्वी त्याची डागडुजी करावी लागते. म्हणून लोक पत्रा किंवा सिमेंटचे छत पसंत करू लागले. छत हलके व टिकाऊ झाले खरे, पण ऊन घरात आले.

ते अडविण्याचा एक नवा उपाय म्हणजे फवाऱ्याचा फेस. ज्या पॉलियुरेथेनपासून तो बनतो, त्याचा शोध १९३७ साली जर्मनीत ओटो बायर या रसायनशास्त्रज्ञाने लावला. दोन द्रव पदार्थ नळीच्या तोंडाशी मिसळून छतावर उडवितात. काही क्षणांतच ते फुगतात, चिकटतात आणि घट्ट होतात.

या फेसाचे दोन प्रकार आहेत. पहिल्यातील बारीक पोकळ्या एकमेकींना उघड्या असतात. हा फेस मऊ व हलका असून एका घनमीटरचे वजन सुमारे ८ किलो भरते. तो आवाज चांगला शोषतो व स्वस्तही पडतो. पण स्पंजाप्रमाणे पाणीही शोषतो. दुसऱ्यातील प्रत्येक पोकळी बंद असते. हा फेस कठीण असतो व त्याच्या घनमीटरचे वजन सुमारे ३० किलो असते. तो पाण्याला दाद देत नाही आणि तेवढ्याच जाडीत पहिल्याहून सुमारे दीडपट उष्णता अडवितो. मात्र त्याला खर्च अधिक येतो.

मग निवड कशी करावी? छत गळके असेल, तर उघड्या पोकळ्यांचा फेस लावू नये. गळणारे पाणी त्यात मुरून राहील आणि वरचा पत्रा आतल्या आत गंजेल. छताच्या बाहेरच्या अंगास लावावयाचा झाल्यास बंद पोकळ्यांचाच फेस घ्यावा व त्यावर रंगाचा संरक्षक लेप द्यावा. कारण उघड्या उन्हाने फेसाची भुकटी होते. कोरड्या खोलीच्या आतील बाजूस, जेथे गोंगाटही कमी करावयाचा आहे, तेथे पहिला प्रकार पुरेसा होतो.

एक गोष्ट मात्र कधीही विसरू नये. दोन्ही फेस पेट घेतात व त्यांचा धूर विषारी असतो. म्हणून आतील फेस उघडा न ठेवता त्यावर गिलावा किंवा आगीस दाद न देणारे तक्ते बसवावेत. फवारणारा कारागीर तोंडावर योग्य मुखवटा चढवितो. फेस पुरता सुकेपर्यंत इतरांनी त्या खोलीत जाऊ नये.

ज्याला हा खर्च झेपत नाही, त्याने छपराला चुन्याचा पांढरा हात द्यावा. पांढरा रंग पुष्कळसे ऊन परतवून लावतो. उष्म्याचा त्रास वृद्धांना व तान्ह्या मुलांना सर्वांत अधिक होतो, आणि तीच माणसे दिवसभर घरात असतात. म्हणून छप्पर कसे दिसते हे पाहण्याआधी त्याखाली कोण बसणार आहे, याचा विचार करावा.